रेघेपर्यंत भरलेली डबी

तंत्रज्ञ सचिनने तिन्ही पट्ट्या कागदावर शेजारी शेजारी चिकटवल्या, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, "घ्या मॅडम. तिळ्या बहिणी."

वर्षाली वाकून पाहू लागली. बोटभर लांबीच्या पांढऱ्या पट्ट्या आणि त्यांवर जांभळट रेघा. टीबीच्या जंतूला कोणतं औषध लागू पडेल आणि कोणतं नाही, हे त्या रेघांवरून कळतं. असायला हवी ती रेघ गायब असली, नको तिथे एखादी उमटली, की समजायचं, जंतू त्या औषधाला सरावला. या तिन्ही पट्ट्यांवरचा जंतू दोन मुख्य औषधांना सरावलेला होता. असे जंतू वर्षालीने पुष्कळ पाहिले होते. पण रेघांची ही नक्षी तिने या जिल्ह्यातल्या एकाही नमुन्यात पाहिली नव्हती, आणि आज ती एकदम तीन बायकांच्या पट्ट्यांवर होती.

"लावताना काही अदलाबदल?"

"बायकोचा माझ्यावर भरवसा नाही, आता तुमचाही गेला म्हणायचा."

"सचिन."

"नाही मॅडम. या तिघींच्या मधे दुसऱ्या बायकांच्या डब्या होत्या, त्या साफ आहेत. माझ्या हातून सांडलं असतं तर शेजारणीवर सांडलं असतं, एक सोडून एक उड्या मारत कसं जाईल? उरलेल्या नमुन्यातून परत लावलं, तेच आलं. दुसऱ्या दिवशीच्या डब्या लावल्या, तरी तेच."

वर्षालीने श्वास रोखला होता. प्रयोगशाळेत हे तिचं नेहमीचंच. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत जंतूंच्या धास्तीने लागलेली सवय पुढे अंगात मुरली. आता फोनवर वाईट बातमी आली तरी ती आधी श्वास रोखते, मग ऐकते. आई म्हणते, "आमची पोरगी हासते बी तोंड झाकून."

पट्ट्यांखाली नावं होती. रक्षा, छाया, शकुबाई. तिघी देवळीकडच्या एका जिनिंग कारखान्यात कामाला जात. कापूस पसरायचा, ओढायचा, सरकी बाजूला करायची. हंगामात तिथे हवेत रुईचे तंतू उडत असतात आणि सगळ्याच बायका तोंडाला पदर बांधून खोकत असतात. कोणाचा खोकला रुईचा आणि कोणाचा टीबीचा, हे नुसतं ऐकून सांगता येत नाही. म्हणून तर वर्षालीने तिथे शिबिर घेतलं होतं. औषधाला न जुमानणारा टीबी जिल्ह्यात कुठून कुठे सरकतो आहे, हा तिच्या संशोधनाचा विषय.

हा विषय तिला पुस्तकाच्या आधी शेतात भेटला होता. पवनारला धाम नदीच्या काठी तिच्या वडिलांचं, किसनरावांचं शेत. कपाशीवर पंप मारून आले की किसनराव बांधावर बसून म्हणायचे, "मागच्या सालचं औषध औंदा लागूच नाई पडत. ज्या अळ्या वाचल्या, त्यायचीच पिल्लावळ झाली आता." शाळकरी वर्षालीने विचारलं होतं, "मग अर्धवट मारून सोडलं तर?" किसनराव म्हणाले, "तं त्यायले आपणच शिकवलं म्हणायचं." पुढे नागपूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना औषधप्रतिरोधावरचा पहिला तास झाला, तेव्हा सगळा वर्ग लिहून घेत होता आणि वर्षाली बांधावरचा बाप आठवत बसली होती. शिबिरात बायकांना गोळ्या मधेच सोडू नका म्हणून सांगताना ती अजूनही हेच फवारणीचं उदाहरण देते. ते त्यांना लगेच पटतं.

विभागप्रमुख इखार सरांनी पट्ट्यांचा कागद दिव्यासमोर धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. मग जे उजळलं त्याची त्यांनाच लाज वाटली असावी, कारण त्यांनी लगेच चष्मा पुसायला घेतला.

"साथ आहे ही, वर्षाली. एकच जिनिंग, तीन बायका, एकच जंतू. दोन दोन नमुने पॉझिटिव्ह. आणखी काय पाहिजे?"

"सर, तिघींचे एक्स-रे साफ आहेत."

"सुरुवातीला असतात कधी कधी."

"ताप नाही. वजन घटलेलं नाही. शकुबाई तर इथे तपासायला आली तेव्हा कॅन्टीनमध्ये दोन समोसे खाऊन तिसरा बांधून घेऊन गेली."

"समोसा ही तपासणी कधीपासून झाली?"

"आणि इथे आपल्यासमोर घेतलेला नमुना तिघींचाही निगेटिव्ह आहे."

"ती निव्वळ लाळ होती. शेरा तूच मारलास." सरांनी चष्मा परत चढवला. आवाज खाली आला. "तुझी शंका मला कळते. पण रक्षाला चौथा महिना आहे. आपण शंका घेत बसलो आणि पोरगी हातची गेली, तर तिच्या सासूसमोर तू उभी राहशील का मी?"

वर्षालीने पट्ट्यांचा कागद परत घेतला.

"सोमवारी दुपारी बैठक आहे. तिघींची औषधं तेव्हा ठरतील. हा जंतू त्यांच्यात आला कुठून, ते तोवर सापडलं तर सांग. नाही सापडलं, तर मी थांबणार नाही."

बाहेर व्हरांड्यात बाकावर रक्षा बसली होती. शाल गळ्यापर्यंत घट्ट. शेजारी तिची सासू सुलोचनाबाई. वर्षाली दिसताच सुलोचनाबाई उठल्या.

"मॅडम, एक सांगा. पोट राह्यलं तं सून वाचते का?"

"असं कोणी सांगितलं तुम्हाला? डॉक्टरांनी पाडायला सांगितलं?"

"नाई सांगतलं. डॉक्टर म्हणे, औषधं भारी आहेत, पोटातल्यावर काय होते थे पक्कं सांगता येत नाई. आमी अडाणी, पण पक्कं सांगता येत नाई म्हणजे काय, एवढं समजते आमाले." त्यांनी पदराने नाक पुसलं. "माही बहीण गेली या बिमारीनं. पोटुशीच होती. तिले वाचवू का लेकरू वाचवू करता करता दोघं गेले. म्या सांगून देल्लं ऋतिकले, पोर अजून होईन, बायको कुठून आणशीन? सोमवारी औषध चालू झालं, की मंगळवारी नेतो तिले मोकळी कराले."

ऋतिक म्हणजे रक्षाचा नवरा. तो खांबापाशी मोबाइल हातात घेऊन उभा होता. स्क्रीन बंद होती.

वर्षाली रक्षासमोर उकिडवी बसली. आता ती प्रयोगशाळेतली भाषा विसरली. "रक्षा, डबीत थुकली होती ना तू? सकाळी उठल्या उठल्या, सांगतलं होतं तसं?"

रक्षाने शाल आणखी ओढून घेतली. "डबीवर माहंच नाव होतं ना मॅडम."

"नाव तं होतंच."

"मंग झालं तं."

उत्तर बरोबर होतं आणि कुठेतरी सटकत होतं. वर्षाली तिच्या तोंडाकडे पाहत राहिली, पण तेवढ्यात नर्सने हाक मारली आणि रक्षा सुटल्यासारखी उठून गेली.

शनिवारी जिनिंगचं मशीन बिघडलं होतं, म्हणून बायका घरी असणार होत्या. वर्षालीने नमुन्यांची पेटी खांद्याला लावली आणि देवळीची बस धरली. रस्त्याकडेच्या बाभळींना ट्रकांमधून उडालेला कापूस अडकला होता. सगळी वाटभर ती एकच हिशेब परत परत मांडत होती. सचिनची चूक नाही. मशीनची चूक नाही. तिघींना खरंच टीबी झाला असेल, तर तो एकाच माणसाकडून आला. ते माणूस आहे कुठे? शिबिरात जिनिंगच्या सगळ्या बायकांनी नमुने दिले. या तिघी सोडून सगळ्या साफ. ज्याच्याकडून आला त्यालाच नाही, असं कसं होईल?

सुलोचनाबाईंचं घर एका लांबलचक ओळीतलं. समोर शेणाने सारवलेलं अंगण, त्याला लागून शेजारणीचं अंगण, मग पुढचं. शेजारणीचं म्हणजे शकुबाईचं. पेटी पाहताच शकुबाई अंगणातूनच ओरडली, "आली व माय डबीवाली. आता काय, उलटी करून दाखवू का?"

"बसा शकुबाई. काही घ्यायला नाही आले."

"मंग तं जेवूनच जा."

सुलोचनाबाईंनी खरोखर ताट आणलं. अंगणात खाटेवर. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि वाटीत दही. रक्षा उंबऱ्याशी बसून तूर निवडू लागली. तिची बोटं चालत होती, नजर सुपाबाहेर येत नव्हती.

दही घट्ट होतं, आंबटपणा अगदी बेताचा. वर्षालीने मनापासून सांगितलं, "छान लागलं हो दही."

झालं. शकुबाई उठली, घरात गेली, आणि स्वतःच्या घरची वाटी घेऊन आली. "हे खाऊन पाहा. म्हशीचं आहे माहं. सुलोचनाबाईचं तं गाईचं, पातळ."

"पातळ काऊन म्हणतं व? चमचा उभा राह्यते त्याच्यात," सुलोचनाबाई म्हणाल्या.

वर्षालीने दुसऱ्या वाटीतला चमचा तोंडात घातला. दूध वेगळं, भांडं वेगळं, घर वेगळं. चव तीच. तो शेवटी जिभेवर रेंगाळणारा गोडसरपणासुद्धा तोच.

"दोन्ही एकच लागतात मला."

"एकच लागन ना," शकुबाई हसली. "विरजण कांताचं आहे दोघीयच्या बी घरी. साऱ्या लाईनीत तिचंच. कोणाचं बिघडलं, की वाटी घेऊन कांताच्या दारात. थे नाई म्हणतच नाई कोणाले."

वर्षालीचा चमचा वाटीतच राहिला.

कांता तिला आठवली. चार घरं पलीकडे भावाकडे राहणारी, जिनिंगमधली सगळ्यात चटपटीत बाई. शिबिराच्या दिवशी तिनेच बायकांना रांगेत उभं केलं होतं. कांताचा रिपोर्ट साफ होता. आणि त्या दिवशीचं आपलं भाषणही तिला आठवलं. प्लॅस्टिकची पारदर्शक डबी उंच धरून, बोट रेघेवर ठेवून ती बोलली होती: "या रेघेपर्यंत भरलीच पाहिजे. कमी असली तर मी परत पाठवीन." जिनिंगचे मुकादम बंडूजी मागून म्हणाले होते, "आन जिची डबी वापस येईन, तिनं त्या रोजी कामाले येऊ नोको." बायका हसल्या होत्या. वर्षालीही हसली होती.

तिने वाटी खाली ठेवली.

"शकुबाई, डबी कुठं भरली होती तुम्ही?"

शकुबाई ताट उचलायला लागली. ताटात भाकर अजून अर्धी होती.

"मले तं येतच नव्हतं काही," ती ताटाकडे पाहून म्हणाली. "सकाळपासून खाकरू खाकरू घसा सोलून निंगाला."

"मग भरली कशी?"

शकुबाईने ताट परत ठेवलं. उंबऱ्याशी तूर निवडणारी बोटं थांबली होती.

"काय भरली?" सुलोचनाबाईंनी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "काय चालू आहे हे? रक्षा, इकडं ये व."

रक्षा उठली नाही.

"डबी तूच भरली होती ना व?"

"मले विचारू नका आई."

"विचारू नका म्हणजे?"

"म्या आण घेतली आहे. पोटच्याची."

शेजारच्या घरात कुठेतरी टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

सुलोचनाबाई खाटेच्या कडेवर बसल्या. सावकाश, गुडघे धरून. "पोटच्याची आण घेतली," त्या म्हणाल्या. "आन मंगळवारी त्याच पोटच्याले घेऊन कुठं चालली होती तू?"

रक्षाच्या डोळ्यातून पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही. शकुबाईने पदर तोंडात धरला. वर्षालीने श्वास रोखला होता. आता एक शब्द जास्त झाला तर ही पोरगी कायमची मिटून जाईल, हे तिला कळत होतं. आणि एक शब्द कमी पडला तर सोमवार येईल.

तेवढ्यात अंगणाच्या तोंडाशी आवाज आला.

"सुलोचनाबाई, विरजण मांगतलं होतं ना? दिवा लागाच्या आंधी घेऊन ठेवा, मंग देत नाई मी."

कांता. एका हातात झाकलेली वाटी, दुसऱ्या हाताने नाकातोंडावर पदर. सुट्टीच्या दिवशी, घरापासून चार पावलांवर, रुईचा एक तंतू नसताना. वर्षालीने ते पाहिलं. कांतानेही वर्षालीला पाहिलं, मग पेटीला, मग रक्षाच्या चेहऱ्याला.

"पाव्हणे आहेत का? मी मंग येतो."

"या ना," वर्षाली म्हणाली. "बसा. इथे वाऱ्यावर बसा."

कांता बसली नाही. "कोणं काय सांगतलं तुमाले?"

"कोणीच काही नाही सांगितलं. सगळ्याजणी आण पाळून राहिल्या आहेत."

"मंग?"

"मी दही खाल्लं. दोन घरचं. विरजण एकच, तुमचं."

कांताला काही कळलं नाही आणि मग कळलं. ती ताठ उभी राहिली. "माहा रिपोर्ट साफ आहे मॅडम. तुमच्याच मशीननं सांगतलं. मशीन खोटं बोलते का?"

"नाही. मशीनला डबीत जे मिळालं, तेच त्याने सांगितलं." वर्षालीला ती डबी आता डोळ्यांसमोर दिसत होती. फेसाळ, पाण्यासारखी, पण रेघेपर्यंत भरलेली. रेघेपर्यंत होती म्हणून घेतली गेली. "तुमच्या डबीत नुसती लाळ होती, कांताबाई. काऊन?"

हा शेवटचा शब्द वर्षालीच्या तोंडून आपोआप निघाला, आणि त्याच शब्दाने कांताचा ताठा जरा उतरला. समोरची बाई दवाखान्याची न राहता पवनारची झाली.

"उरलंच नाई," कांता म्हणाली. "या तिघीयच्या डब्या भरल्या. छायाची, शकुबाईची, हिची. बंडूजीनं दम देल्ला होता, रोजी बुडली असती त्यायची. मले तं खोकला घरचाच आहे. म्या म्हटलं, आणा इकडं. दोन्ही दिवस भरून देल्ल्या. माह्या डबीची पाळी आली तं छातीत काही उरलंच नाई. थुकली मंग तशीच."

"आणि रिपोर्ट आल्यावर?"

"रिपोर्ट आल्यावर समजलं मले. तिघीयले एकच, आन मले काही नाई. अडाणी असलो तरी एवढं समजते." ती खोकली नाही. खोकला वर आला, तिने ओठ आवळून तो गिळला, आणि डोळ्यांत पाणी आलं. वर्षालीने असं खोकला गिळणं फार कमी वेळा पाहिलं होतं. त्याला सराव लागतो.

"आधी गोळ्या खाल्ल्या होत्या कधी?"

"सासरी. आर्वीले होती मी तवा. खाल्ल्या, बरं वाटलं, सोडल्या. मंग आलं परत, मंग खाल्ल्या, मंग सोडल्या." बोलताना ती वाटीवरचं झाकण सारखं करत होती. "तिथं आंधी माहं ताट वेगळं केलं. मंग खाट वेगळी केली. मंग मलेच. भावानं ठेवून घेतलं, पण त्यानं घरात सांगतलं नाई. भावजयीले माहीत पडलं तं दुसरं घर कोणतं आहे मले?"

"म्हणून या पोरीयकडून आण घेतली."

"हाव. घेतली."

सुलोचनाबाई उठल्या. वर्षालीला वाटलं, आता आवाज चढेल आणि सगळी ओळ गोळा होईल. पण सुलोचनाबाई कांताच्या समोर, फार जवळ न जाता, उभ्या राहिल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "तुह्या खोकल्यापायी माह्या घरचं लेकरू चाललं होतं, कांता."

"कुठं चाललं होतं?"

"मंगळवारी. मोकळी कराले नेणार होतो हिले. भारी औषधं चालू होणार, पोटातलं नीट राहीन याचा भरवसा नाई म्हणून."

कांताने रक्षाकडे पाहिलं. "मले काऊन नाई सांगतलं व?"

"तूच म्हटलं ना काकी, काही बोलू नोको म्हणून," रक्षा म्हणाली. आणेचं सांगितल्यापासून तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मले वाटलं गोळ्याच खायच्या तुमाले. थोडे दिवस खासाल, मंग डॉक्टर सोडून देईन. म्या बी खाल्ल्याच होत्या, मेली थोडीच." कांताने वाटी खाटेवर ठेवली. हात रिकामे झाल्यावर तिला ते कुठे ठेवावेत ते कळेना. "पोटावर येते हे कोणं सांगतलं नाई मले."

अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं होतं.

"डबी आणली का मॅडम?" कांताने विचारलं.

वर्षालीने पेटी उघडली. हातमोजे घातले, मास्क लावला, आणि कांताला अंगणाच्या मोकळ्या टोकाला नेलं. वारा कुठून येतो ते पाहिलं आणि स्वतः वाऱ्याच्या बाजूला उभी राहिली. बाकीच्यांना आत जायला सांगितलं. सुलोचनाबाईंनी रक्षाला दंडाला धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं. शकुबाई मात्र आपल्या अंगणाच्या कडेला तशीच उभी राहिली.

कांताने डबी हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली.

"रेघेपर्यंत?"

"जेवढं येईल तेवढं," वर्षाली म्हणाली.

कांताने पदर बाजूला केला. कितीतरी महिने गिळलेला खोकला तिने पहिल्यांदा उघड्यावर सोडला, आणि तो ऐकून ओळीतली दोन दारं उघडली. ती वाकली होती, एक हात गुडघ्यावर. वर्षाली तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि खोकला थांबला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण श्वास रोखलेला नाही.

रविवारी सचिन सुट्टी सोडून आला. येताना त्याने गोरसपाक बिस्किटांचा पुडा आणला आणि प्रयोगशाळेबाहेरच्या टेबलावर ठेवला. "निकाल चांगला लागला तर खाऊ."

"चांगला म्हणजे कोणता?"

सचिनने विचार केला आणि पुडा पिशवीत परत टाकला.

सोमवारी सकाळी त्याने चौथी पट्टी तिघींच्या शेजारी चिकटवली. जांभळ्या रेघा, तीच नक्षी. रविवारी देवळीतच काढलेल्या कांताच्या एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला वर एक पोकळी दिसली होती, तिथे जंतू घर करून बसले होते. इखार सरांनी चारही पट्ट्यांवरून दोनदा बोट फिरवलं.

"म्हणजे साथ नाही. एकच बाई."

"एकच बाई आणि तिच्यासोबत दिवसभर रुईत उभ्या राहणाऱ्या सगळ्याजणी, सर. रक्षाला लागण झालीच नसेल असं मी लिहून देणार नाही. या तिघींना लक्षात ठेवून पुन्हा पुन्हा तपासावं लागेल. पण त्या डब्यांमधलं थुंकणं त्यांचं नव्हतं. त्यांच्या नावावर आज औषध सुरू करायला आपल्याकडे काही नाही."

"मी पेपरची सुरुवातही लिहून ठेवली होती," सर म्हणाले. मग त्यांनी बैठकीच्या कागदावरची तीन नावं खोडली आणि एक लिहिलं. "तिला घेऊन कोण येणार आहे?"

तिला भाऊ घेऊन आला. त्याने मोटरसायकल फाटकापाशी लावली, कांताला उतरवलं, पण स्वतः आत आला नाही. वर्षालीने खिडकीतून तीनदा डोकावून पाहिलं. तो गाडीला टेकून, हाताची घडी घालून उभा होता. आत येत नव्हता. जातही नव्हता. घरी काय झालं होतं, भावजय काय म्हणाली, हे कांता बोलली नाही आणि वर्षालीने विचारलं नाही. नव्या गोळ्या हातात घेताना कांता एवढंच म्हणाली, "यायले तरी हे जंतू भेतात ना?"

"अजून भेतात. मधे सोडल्या तर यांनाही शिकवून ठेवाल तुम्ही."

"नाई शिकवत आता."

संध्याकाळी वर्षालीने सुलोचनाबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. कुठे थोडीशी शंका राहते तेही सांगितलं.

"म्हणजे उद्या नेत नाई मंग तिले."

"नका नेऊ."

"बरं." भांड्याचा आवाज. "मॅडम, एक विचारू का? रागावसान नाई ना."

"विचारा."

"थे वाटी. कांतानं आणलती थे. परवापासून चुलीजवळ तशीच झाकून आहे. हात लावाले भेव वाटते आन टाकवत बी नाई. काय करू?"

"त्या वाटीने बिमारी नाही येत. विरजण लावा."

"दोन दिवसाचं झालं. आंबट लागन आता."

"लागू द्या," वर्षाली म्हणाली. "आणि उद्या विरजणासाठी वाटी घेऊन कोणी कांताच्या दारात गेलं, तर मला फोन करून सांगा. कोण गेलं ते."

मग सुलोचनाबाईंनी फोन कानापासून दूर धरून आत हाक मारलेली ऐकू आली, "रक्षा, दूध तापव व."